नदीचा एक किलोमीटर : प्रदूषित नदीसाठी भागीदारी उभी करताना

नदी स्वच्छ व्हावी असे मनापासून वाटणारी माणसे पहिल्या रविवारी हातमोजे आणि पोती घेऊन काठावर उतरतात. पुण्यात रामनदीच्या काठी आम्हीही तेच केले होते. पोत्यांचा ढीग लागला, सगळ्यांना समाधान वाटले, आणि पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर काठ पुन्हा जसाच्या तसा झाला. पाण्याचा रंग आणि वास तर त्या सगळ्या महिन्यांत एका दिवसासाठीही बदलला नव्हता. काठावरचा कचरा डोळ्यांना दिसतो, पण शहरातली नदी मरते ती बहुतांशी प्रक्रिया न होता सोडलेल्या घरगुती सांडपाण्याने. ते पाणी थांबवायचे, तर ज्यांच्या हातात मलवाहिनी, पंप, परवानगी, जमीन आणि निधी आहे अशा अनेकांना एका कामाभोवती आणावे लागते. ही माणसे कशी शोधावीत, त्यांच्याकडे काय मागावे आणि त्याआधी स्वतः काय तयारी करावी, हे या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी येथे मांडले आहे. उदाहरणे रामनदीची आणि पुण्याची आहेत, परंतु शहरातून वाहणाऱ्या कोणत्याही लहान नदीला ती थोड्याफार फरकाने लागू पडतील.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ च्या अहवालात देशातील नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित म्हणून नोंदवले आणि त्यांतले सर्वाधिक, म्हणजे ५५, एकट्या महाराष्ट्रातले होते. त्यामुळे आपली नदी या यादीत आहे का, आणि असल्यास कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत, हे सर्वप्रथम पाहून घ्यावे. यादीत नाव असणे हे पुढे कार्यालयात बोलताना उपयोगी पडते, कारण मग प्रदूषण आहे की नाही यावर वाद घालण्यात वेळ जात नाही.

पहिली पायरी : पट्टा ठरवणे

संपूर्ण नदीची जबाबदारी घेऊ नये. रामनदी मुळशी तालुक्यातील खाटपेवाडीजवळच्या डोंगरांतून निघते, भूगाव, बावधन, पाषाण, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर असा सुमारे १९ किलोमीटरचा प्रवास करून औंधजवळ मुळा नदीला मिळते. एवढ्याशा लांबीत ती ग्रामपंचायतीच्या हद्दीतून महापालिकेच्या हद्दीत येते, पाषाण तलावात थांबते आणि पुन्हा वाहू लागते, जुन्या गावठाणांना आणि नव्या गृहसंकुलांना लागून जाते. प्रत्येक टप्प्यावर अधिकारी वेगळे, रहिवासी वेगळे आणि घाणीचे कारणही वेगळे असते. म्हणून चालत जाऊन तासाभरात पाहून होईल असा एक किलोमीटरचा पट्टा निवडावा. त्यात निदान एक पूल असावा, म्हणजे पावसाळ्यातही वरून पाणी पाहता येईल; निदान एक नाला मिळत असावा, म्हणजे काम करायला ठोस जागा मिळेल; आणि काठावर राहणारी, रोज नदी पाहणारी माणसे असावीत. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निर्जन, देखणा पट्टा निवडणाऱ्या गटांना वर्षभरानंतर सोबत कोणी उरत नाही.

पट्टा ठरला की एकदा सगळ्यांनी मिळून उगमाकडे जाऊन यावे. आपल्याच नदीचे स्वच्छ पाणी ज्याने ओंजळीत घेतले आहे, त्याला खाली काय हरवले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी पायरी : चालणे आणि मोजणे

पुढचे दोन महिने कोणालाही भेटू नये, निवेदन देऊ नये, फलक लावू नये. फक्त चालावे आणि नोंदी कराव्यात. दोन्ही काठांनी चालत, नदीत पाणी सोडणारे प्रत्येक तोंड टिपावे : नाला, पाइप, फुटलेला चेंबर, पुलाखालून येणारी गटाराची धार. प्रत्येकाला क्रमांक द्यावा, मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, छायाचित्र काढावे आणि पाण्याचा रंग, वास, फेस, तेलाचा तवंग लिहून ठेवावा. एकाच तोंडाला दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी भेट द्यावी. सकाळी सात ते दहा या वेळात भरून वाहणारे आणि पहाटे तीन वाजता जवळजवळ कोरडे असणारे तोंड हे घरगुती सांडपाण्याचे असते. रात्री अचानक रंगीत किंवा गरम पाणी येत असेल तर ते एखाद्या कारखान्याचे किंवा धुलाई केंद्राचे असण्याची शक्यता असते. आणि दिवसरात्र सारख्याच धारेने स्वच्छ पाणी येत असेल तर तो गाडला गेलेला झरा किंवा फुटलेली पिण्याच्या पाण्याची वाहिनी असू शकते. झरा सापडला तर तो नकाशावर ठळक खुणेने दाखवावा, कारण उन्हाळ्यात नदीत जे काही तिचे स्वतःचे पाणी उरते ते अशा झऱ्यांचेच असते आणि तो जपण्याची जबाबदारी कोणत्याच खात्याच्या कागदावर सहसा नसते.

नाल्यातून किती पाणी येते हे मोजायला यंत्र लागत नाही. नाल्याचा दहा मीटरचा सरळ भाग निवडावा, सरासरी रुंदी व खोली मोजावी, संत्र्याची साल टाकून ती दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाहावे, असे तीनदा करून सरासरी घ्यावी. पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा वेगाने वाहते म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणावे. समजा नाला एक मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल आहे आणि सालीला पन्नास सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला १७ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे साडेचौदा लाख लिटर होतो. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होते असे गृहीत धरतात. या हिशेबाने त्या एका नाल्यातून सुमारे साडेतेरा हजार माणसांचे सांडपाणी नदीत येत आहे. प्रवाह दिवसभर बदलतो, म्हणून सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही वेळांच्या मोजण्या करून मगच आकडा लिहावा. ‘नाला फार घाण आहे’ या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. ‘तीन क्रमांकाच्या नाल्यातून दिवसाला साडेचौदा लाख लिटर मैलापाणी येते आणि वरच्या बाजूची मुख्य वाहिनी अमुक चेंबरपाशी तुंबलेली आहे’ या वाक्यावर तो त्याच दिवशी माणूस पाठवू शकतो.

येथे सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. गमबूट आणि जाड हातमोजे घालावेत, जखम असेल तर पाण्याजवळ जाऊ नये, धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि काठावरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आपण सांडपाण्याच्या संपर्कात होतो हे आवर्जून सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारात ते कळणे महत्त्वाचे असते. कोणत्याही चेंबरमध्ये कोणीही, कोणत्याही कारणाने, क्षणभरही उतरू नये. तिथल्या विषारी वायूने माणसे मेली आहेत. वर धरण असलेल्या नदीवर पावसाळ्यात विसर्ग वाढण्याची सूचना आली की पात्रातले काम लगेच थांबवावे.

तिसरी पायरी : पाणी तपासणे

स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि सामू (पीएच) ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा, हे मानक आहे. ऑक्सिजन आणि सामू आपण काठावरच साध्या संचाने तपासू शकतो. ऑक्सिजनची तपासणी नेहमी ठराविक वेळी करावी, कारण शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन वाढतो आणि पहाटे सर्वांत कमी होतो. दुपारच्या एकाच आकड्यावरून नदी बरी झाली असे समजणारे फसतात. बीओडीसाठी नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. खर्च वाचवायचा असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र विभागाकडे जावे. विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळतो, आपल्याला सलग नोंदी मिळतात, आणि प्राध्यापकांच्या सहीचा तक्ता कार्यालयात गांभीर्याने वाचला जातो. आमच्या अनुभवात ही सर्वांत लवकर जुळणारी आणि सर्वांत जास्त टिकणारी भागीदारी आहे.

पाण्यातले जीवही नोंदवावेत. दगड उलटल्यावर चतुरांची पिल्ले दिसत असतील तर त्या जागी अजून जीव आहे. नुसत्याच गाळात वळवळणाऱ्या लाल अळ्या असतील तर ऑक्सिजन संपलेला आहे. जलपर्णीने पात्र झाकले असेल, तर सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे त्याचे मूळ असते. यंत्र लावून जलपर्णी काढली आणि सांडपाणी तसेच चालू ठेवले, तर ती पुन्हा वाढते आणि पुढच्या वर्षी तोच खर्च परत करावा लागतो.

चौथी पायरी : कोणाच्या हातात काय आहे ते समजून घेणे

बहुतेक गट येथे अडखळतात, कारण ‘प्रशासन’ नावाची एकच व्यक्ती असल्यासारखे निवेदन लिहिले जाते आणि ते सात टेबलांवरून फिरून परत येते. प्रत्यक्षात मलवाहिन्या महापालिकेच्या मलनिःसारण विभागाकडे असतात, काठावरचा कचरा घनकचरा विभागाकडे, काठावरची बाग उद्यान विभागाकडे. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. राडारोडा टाकून पात्र अरुंद केले जात असेल तर निळी रेषा कुठे आहे हे आधी पाहावे आणि जमिनीच्या नोंदीसाठी तहसील कार्यालयात जावे. कारखान्याला आणि मोठ्या प्रकल्पाला संमतीपत्र देणे आणि अटी मोडल्यास कारवाई करणे हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. त्याच्या उपप्रादेशिक कार्यालयाचा पत्ता सुरुवातीलाच शोधून ठेवावा. पात्राचा वरचा भाग ग्रामीण असेल तर ग्रामपंचायत आणि ग्रामसभा ही वेगळी भागीदारी ठरते. पुण्याच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली, पण हद्द कागदावर एका दिवसात बदलते आणि मलवाहिनी जमिनीखाली घालायला वर्षे लागतात. मधल्या काळात त्या वस्तीचे सांडपाणी ओढ्यातच जाते. अशा ठिकाणी दोष शोधत बसण्यापेक्षा नवी वाहिनी कोणत्या टप्प्यात अडली आहे, जागेच्या ताब्यात, निविदेत की रस्ता खोदाईच्या परवानगीत, हे विचारावे.

हे सगळे एका तक्त्यात लिहावे. डाव्या स्तंभात आपण क्रमांक दिलेली तोंडे, पुढे कारण, त्यापुढे ज्याला ते बंद करता येईल तो विभाग, आणि शेवटी त्या विभागाला नागरिकांकडून कोणती मदत लागेल. हा शेवटचा स्तंभ रिकामा ठेवू नये. कनिष्ठ अभियंत्याला काठावरचा रस्ता माहीत नसतो, रहिवासी खोदाईला विरोध करतात, चेंबर कुठे आहे याचा जुना नकाशा सापडत नाही. यातले प्रत्येक काम स्थानिक गट सोपे करू शकतो. आम्ही एका जुन्या रहिवाशाला बरोबर नेले आणि त्यांनी डांबराखाली गेलेले चेंबर आठवणीने दाखवले, तेव्हा त्या विभागाशी आमचे नाते बदलले.

सरकारी कार्यालयांबाहेरची माणसेही या तक्त्यात असावीत. मासेमारी करणारे भोई कुटुंब, काठावर जनावरे धुणारे, देवस्थानाचे विश्वस्त, कचरावेचक, मैलाटाकी उपसणाऱ्या टँकरचे चालक, हे नदी रोज पाहतात आणि रात्री कोण काय टाकते हे त्यांना ठाऊक असते. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करते; काठावरच्या वस्तीत कचरा नियमित उचलला जात नसेल तर काठ झाडण्याआधी या व्यवस्थेशी बोलावे. भजनी मंडळांनाही विसरू नये. रामनदी मुळेत जाते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत अडते आणि पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते; आपल्या ओढ्यात सोडलेले पाणी आषाढीला वारकरी स्नान करतात त्या नदीकडे जाते, हे ज्या सभेत सांगितले त्या सभेत मला नेहमी शांतता मिळाली आहे.

पाचवी पायरी : गृहसंकुलांशी बोलणे

२० हजार चौरस मीटर आणि त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि तीत सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अट असते. केंद्र बांधलेले असते, पण बिल्डरने सोसायटीकडे ताबा दिल्यावर वीजबिल आणि चालकाचा पगार पाहून ते हळूहळू बंद पडते आणि पाणी तसेच नाल्यात जाते. सुरुवातीच्या काळात एका संकुलाविरुद्ध आम्ही भेट न घेताच तक्रार केली होती. ती खरी होती, तरी पुढची दोन वर्षे त्या संकुलातले एकही दार आमच्यासाठी उघडले नाही, आणि त्या काळात नाल्याचे पाणी बदलले नाही. ती चूक आमची होती.

त्यानंतर आम्ही वेगळा क्रम पाळतो. प्रथम सोसायटीच्या सचिवांना किंवा अध्यक्षांना भेटून केंद्र पाहण्याची परवानगी मागावी. बरोबर केंद्र चालवण्याचा अनुभव असलेली एक व्यक्ती असावी. हवा सोडणारा पंप चालू आहे का, टाकीतल्या पाण्याचा रंग तपकिरी आहे की काळा, गाळ शेवटचा कधी काढला, एवढ्या तीन प्रश्नांत केंद्राची अवस्था कळते. काळे आणि दुर्गंधी असलेले पाणी म्हणजे जिवाणूंना हवा मिळत नाही. मग खर्चाचा कागद मांडावा : प्रक्रिया केलेले पाणी शौचालयात आणि बागेत वापरल्यास उन्हाळ्यात टँकरची किती खेप वाचेल. शेजारच्या तीनचार संकुलांनी मिळून एकच प्रशिक्षित चालक आणि एकच दुरुस्ती करार केला तर भार वाटला जातो. हे सगळे होऊनही केंद्र बंदच राहिले, तर तक्रार करण्याचा मार्ग मोकळा आहेच, पण तोपर्यंत सोसायटीतले निदान चार रहिवासी आपल्या बाजूला आलेले असतात.

सहावी पायरी : लेखी ठराव आणि पैसा

तोंडी आश्वासनावर एकही काम सुरू करू नये. दोन पानांचा ठराव पुरतो. त्यात कोणत्या क्रमांकाच्या तोंडावर काम होणार, कोण काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, नोंदी कोण ठेवणार आणि कोणत्या दिवशी सगळे पुन्हा भेटणार एवढे असावे. दर महिन्याचा एक वार ठरवून बैठक शक्यतो काठावरच घ्यावी. अधिकाऱ्याची बदली होते तेव्हा नव्या अधिकाऱ्यासमोर पहिल्याच आठवड्यात हा ठराव ठेवावा, नाहीतर सगळे पहिल्यापासून सुरू होते.

निधीचे मार्ग तीन. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिक सहभाग अंदाजपत्रकाची पद्धत आहे, तीत रहिवासी आपल्या प्रभागातील लहान कामे क्षेत्रीय कार्यालयाकडे सुचवू शकतात. काठावरची जाळी, दिवे, चेंबरची झाकणे अशी कामे त्यात बसतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना २०१४ पासून सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि पर्यावरण हा त्यातला मान्य विषय आहे. हा निधी घेताना माझा सल्ला ठाम आहे : फलक, रंगकाम आणि एक दिवसाच्या मोहिमेसाठी तो घेऊ नये; पाणी तपासणी, केंद्राची दुरुस्ती आणि एका पूर्णवेळ समन्वयकाचे मानधन यासाठी घ्यावा. ज्या उद्योगाचे सांडपाणी त्याच नदीत येते त्याच्याकडून निधी घेण्याआधी त्याच्या पाण्याचे अहवाल मागावेत. तिसरा मार्ग लोकवर्गणीचा, आणि तो छोटा असला तरी ठेवावाच. पंजाबात काली बेईं ही १६० किलोमीटरची नदी २००० सालापासून संत बलबीरसिंग सीचेवाल यांच्या पुढाकाराने लोकांनी कारसेवेतून मोकळी केली. नदीत जाणारे सांडपाणी अडवून, प्रक्रिया करून शेताला देण्याची तेथील पद्धत आपल्याकडच्या शहरालगतच्या गावांनी पाहण्यासारखी आहे.

सातवी पायरी : काठ

सांडपाणी कमी होऊ लागले, तरच काठाकडे वळावे. काठावर काँक्रीटची भिंत आणि फरशी घालणे म्हणजे सुधारणा, असा समज सर्वत्र आहे आणि त्याला विनम्रपणे पण सतत विरोध करावा लागतो, कारण झरे, पाझर आणि काठाचे जीव हे सगळे त्या फरशीखाली जाते. लावायचेच असेल तर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, आणि पाण्यालगत शेरणी व लव्हाळा अशी नदीची स्वतःची झाडे लावावीत. पूर आल्यावर ती वाकतात आणि पुन्हा उभी राहतात.

आठवी पायरी : तक्रार कधी आणि कशी

जलप्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ सालचा आहे आणि त्याच्या कलम २४ नुसार प्रवाहात प्रदूषित पदार्थ सोडण्यास मनाई आहे. आपण घेतलेला नमुना तक्रारीला आधार देतो, परंतु न्यायालयात ग्राह्य धरला जाणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कायद्यातील पद्धतीनेच घ्यावा लागतो. म्हणून तक्रारीत ‘अमुक वेळी येऊन नमुना घ्यावा’ अशी नेमकी विनंती करावी. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. प्रक्रिया केंद्रांचे मासिक अहवाल आणि संमतीपत्रांच्या अटी मागाव्यात. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे, पण तेथे जाण्याची मुदत साधारणपणे वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने असते, त्यामुळे तारखांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

पहिली संपूर्ण मोजणी फेब्रुवारीत करावी, जेव्हा पावसाचे पाणी ओसरलेले असते आणि नदीत जे वाहते त्यात सांडपाणी किती आहे हे स्पष्ट दिसते. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच वेळी, त्याच क्रमांकाच्या तोंडांपाशी पुन्हा मोजावे. बंद झालेल्या तोंडांवर तारीख घालावी, नव्याने सापडलेल्यांना पुढचे क्रमांक द्यावेत, आणि नोंदवहीची एक प्रत पट्ट्याच्या खालच्या किलोमीटरवर काम सुरू करू इच्छिणाऱ्या गटाकडे द्यावी.